नानांनी खाल्लेला रोट

माझे वडील, आमचे नाना आणि लोकांचे भाऊ, आमदार होते. पहिल्यांदा निसटते निवडून आले, नंतर दोनदा दणक्यात, आणि चौथ्यांदा पडले. एवढ्या वर्षांत त्यांनी गिरणेवर एक फरशी पूल आणला, शाळांना खोल्या आणल्या, गावोगाव विजेचे खांब उभे केले. लोकांच्या लक्षात मात्र एकच गोष्ट राहिली. भाऊंनी एका गावात कानबाईचा रोट खाल्ला, ही. नाना स्वतःही ती रंगवून सांगत. मुंबईहून कोणी पुढारी आला की जेवणानंतर ती ठरलेली असे. शेवटी तो पाहुणा विचारी, "पण तुम्ही खाल्ला कसा?" नाना जरा थांबून म्हणत, "भूक लागली होती, खाल्ला." मग सगळे हसत. मी आतल्या खोलीत पानसुपारीचं तबक भरत असे आणि मला हसू येत नसे.

आम्ही मूळचे यावलकडचे. केळीच्या बागा, बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या. नाना जळगावला वकिली करायचे. पक्षाने तिकीट दिलं ते मात्र गिरणाकाठच्या मतदारसंघाचं, कारण आमच्या भागात त्यांच्यापेक्षा वजनदार माणसं रांगेत होती. त्या गावांत 'आहे' म्हणायला 'शे' म्हणतात. नानांनी वकिलीच्या हुशारीने ती भाषा उचलली आणि भाषणाची सुरुवातच करत, "मी तुमना भाऊ शे." टाळ्या पडत. पण पारावर बसलेली माणसं आपसांत म्हणत, बोलतो आपल्यासारखा, पण आहे पूर्वेचा. पहिली निवडणूक निसटती झाली ती ह्यामुळेच. दुसऱ्या वेळी समोरचा उमेदवार तिथलाच, अर्ध्या तालुक्याशी नातं सांगणारा असणार होता. नानांना घोर लागला होता. ते तसं बोलून दाखवत नसत, पण पेपर उलटा धरून बसलेलं मी त्यांना पाहिलं आहे.

घर म्हणाल तर ते आमचं नव्हतंच. सकाळी सातला ओसरी भरलेली. कुणाला सिमेंटचं परमिट हवं, कुणाला मुलाची बदली, कुणाचं भावाशी बांधावरून भांडण आणि ते विधानसभेत मांडायचं. आई चहाचं आधण चुलीवरून उतरवतच नसे. सगळ्यांचे ते भाऊ. आम्ही त्यांना नाना म्हणायचो, आणि माझी अशी समजूत होती की नाना नावाचा माणूस वेगळा आहे आणि तो अधूनमधून भाऊंच्या अंगरख्यातून डोकावतो. मला सख्खा भाऊ नव्हता. घरात मी एकटी, बीएच्या शेवटच्या वर्षाला, आणि माझ्या लग्नाची काळजी करायला सबंध मतदारसंघ.

त्या ओसरीवर एकदा आबांचा धाकटा मुलगा आला. आबा म्हणजे गिरणाकाठच्या एका मोठ्या गावातले जुने पाटील. पाटीलकी गेली होती, पण दरारा तसाच होता. मुलगा धुळ्याला शेतकी शिकत होता. बाकीचे लोक येताच नानांच्या पाया पडत. हा पडला नाही. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही कालव्याच्या पाटचारीचं आश्वासन दिलं होतं. पाटचारी कागदावर वाहते आहे. शेतात कधी येणार?" नाना हसले, पण त्यांचे कान लाल झाले. मी दाराआडून ऐकत होते आणि मला फार बरं वाटलं. आमच्या घरात खरं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढेही तो काहीबाही निमित्त काढून यायचा. पाटचारीची कामं इतकी नसतात, हे मला कळत होतं आणि आईलाही कळलं.

आईनेच मामामार्फत शब्द टाकला. जात एक होती, कुळं वेगळी होती, मुलगा शिकलेला, घरची काळी जमीन. आबांनी नाही म्हटलं नाही. त्यांच्याकडून निरोप आला की श्रावणात कानबाई बसते तेव्हा दर्शनाला या, बायामाणसांनाही घेऊन या. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. देवीचं दर्शन आम्ही घेणार आणि माझं दर्शन त्यांच्या घरच्या बाया घेणार. मला सगळं समजत होतं आणि मी आईची मोरपंखी साडी आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवली होती. खोटं कशाला सांगू, मला तो मुलगा हवा होता. नुसता चालला असता असं नाही. हवा होता.

कानबाईबद्दल थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसवतात. नारळाला डोळे, नथ, लुगडं, दागिने घालून चौरंगावर देवी मांडतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. दर्शनाला कोणीही यावं. पण रोट कोणीही खायचा नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून दळतात, त्याचे रोट करतात, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तो रोट फक्त त्या कुळाच्या भाऊबंदांनी खायचा. लेकीबाळींनीसुद्धा, लग्न झाल्यावर, नाही. खाल्लेला हात धुतला तर ते पाणीही मोरीत जाऊ देत नाहीत, अंगणात खड्डा करून त्यात सोडतात. ज्यांनी एका कानबाईचा रोट खाल्ला ते एका रक्ताचे. त्यांच्यात सुतक चालतं, वाटणीची भांडणं चालतात, कोर्टकचेऱ्या चालतात. फक्त सोयरीक चालत नाही, कारण बहीणभावाचं लग्न लावायची रीत आपल्याकडे नाही.

आमच्या कुळात कानबाई नव्हती, पण हे सगळं नानांना माहीत होतं. खानदेशात वकिली करून हे ज्याला माहीत नाही त्याला वाटणीची एक केस जिंकता येणार नाही.

त्या रविवारी आम्ही जीपमधून निघालो. वाटेत दोन कार्यकर्त्यांची घरं लागली. आमदाराला भूक लागत नाही, लोक ती लागायला वेळच देत नाहीत. पहिल्या घरी शेवभाजी आणि भाकरी, दुसऱ्या घरी आग्रहाने बशीभर शिरा आणि वर दूध. नाही म्हटलं तर तो माणूस तीन गावांत सांगणार, भाऊंनी आमच्याकडे घास नाही घेतला. जीपमध्ये परत बसल्यावर नाना छातीवर हात फिरवायला लागले. मी पिशवीतून ओव्याची पुडी काढून त्यांच्या हातावर चिमूटभर ओवा ठेवला. त्यांनी तो चघळला आणि म्हणाले, "आता तिथे फक्त चहा. कोणी काही म्हणालं तरी चहा." चिखलात जीप रुतली, ती ढकलण्यात वेळ गेला, आणि आम्ही आबांच्या दारात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि रोटाची पंगत बसलेली होती.

वेळेवर पोचलो असतो तर दर्शन आणि चहा घेऊन पंगतीआधीच निघालो असतो. पुढे कितीतरी वर्षं मी त्या चिखलाला शिव्या दिल्या आहेत. चिखलाला देणं सोपं जायचं.

आम्हा बायकांना आत नेलं. देवीपुढे मी वाकले. एका म्हाताऱ्या बाईने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "देवी चांगली बसनी शे." ती कानबाईकडे बघत नव्हती. बाया हसल्या. माझ्या ओटीत खण आणि नारळ घातला. स्वयंपाकघराच्या दारातून मला अंगण दिसत होतं. कुळातले सगळे पुरुष आणि पोरं पाटावर बसलेली. आबांचा धाकटा मुलगा गंगाफळाची भाजी वाढत होता. आमचे नाना ओसरीवर खुर्चीत, हातात चहाची बशी.

आबांचा एक चुलतभाऊ होता. आबांशी त्याचं जन्माचं वाकडं आणि समोरच्या उमेदवाराशी गूळपीठ. तो पंगतीतूनच मोठ्याने म्हणाला, "काय भाऊ, भाषणमा भाऊ आनि पंगतमा पाहुणा? असा कसा भाऊ शे तू?"

पंगतीत हशा झाला. नाना पण हसले. त्या माणसाला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्याने आपल्या ताटातला न मोडलेला रोट उचलला, उठून ओसरीपाशी आला आणि नानांच्या पुढ्यात धरला. "भाऊ शे ना? मंग खाई ले. बठ्ठा भाऊबंद बठेल शेत. बठ्ठास्ना देखत खाय." म्हणजे सगळे भाऊबंद बसले आहेत, सगळ्यांच्या देखत खा.

आता हशा बंद झाला. तो चेष्टा करत होता, हे सगळ्यांना समजत होतं. नाना नाही म्हणणार, मग हा गावभर सांगणार की भाऊ भाषणापुरता. एवढाच त्याचा डाव होता. नाना हात जोडून म्हणाले असते की मी पाहुणा आहे, रीत मोडू नका, तर कोणी दोष दिला नसता. उलट आबांनी तशी वाट करूनही दिली. ते पाटावरून म्हणाले, "राहू दे रे. पाहुना शेत त्या. कामनं बोलणं व्हयेल शे." कामाचं बोलणं झालं आहे म्हणजे माझ्या सोयरिकीचं. पंगतीतल्या प्रत्येकाला ते समजलं. भाजी वाढणारा थांबला होता. भाजीची वेळणी त्याच्या हातात तशीच होती.

नानांनी पंगतीवरून नजर फिरवली. ती नजर मी ओळखत होते. सभेला उभं राहिलं की बोलायच्या आधी ते तशी फिरवत, माणसं किती आणि कोणत्या गावची ते बघायला. त्या अंगणात त्या कुळाच्या सगळ्या शाखा होत्या. गिरणेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून ते लोक आले होते. सोयरा झाला तर एका घराचा होतो, भाऊबंद झाला तर सगळ्या कुळाचा. हा हिशेब मी नंतर बसून मांडला. नानांना तो मांडायला चहाची बशी खाली ठेवण्याइतका वेळ लागला.

"आन आठे," ते म्हणाले, आणि रोट घेऊन तुकडा मोडला, आणि खाल्ला.

मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी वेळणीकडे बघत होते. ती खाली ठेवली गेली. मग त्याने पुन्हा उचलली आणि सरळ ओसरीवर जाऊन नानांना भाजी वाढली, कारण भाऊबंदाला वाढायचीच असते. आबांनी डोळे मिटले. मग उठून नानांचा हात धरला आणि त्यांना आपल्या शेजारच्या पाटावर नेऊन बसवलं. म्हाताऱ्यालाही दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. चुलतभाऊ तोंड उघडं टाकून उभा होता. जन्मात त्याने एवढी मदत कुठल्याच उमेदवाराला केली नसेल. आत आईने माझ्या ओटीतला नारळ माझ्याकडून काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

परतताना जीपमधून जळगावचे दिवे दिसू लागले तेव्हा नाना पुढे बघत म्हणाले, "भूक लागली होती." ड्रायव्हर हसला, त्याला वाटलं विनोद आहे. त्या वाक्याचा जन्म तिथला. आईने त्यानंतर घरात गंगाफळ आणलं नाही.

मला राग आला होता. दुःखबिख नंतरचं. पहिला राग. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत 'लोकशाही' ह्या विषयावर मला बक्षीस मिळालं होतं. तो पेला मी उचलून माळ्यावर टाकला. नानांशी मी भांडले मात्र नाही. आमच्या घरात भांडायला रांग लावावी लागायची आणि सकाळी सातला ओसरीवर उभं राहायची माझी इच्छा नव्हती.

निवडणुकीत ती सगळी गावं एकगठ्ठा नानांच्या मागे उभी राहिली. 'आपला भाऊबंद' म्हणून बैलगाड्या भरून लोक मतदानाला आले. नाना दणक्यात निवडून आले आणि पुढच्या वेळीही आले. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी त्या भागात कामं काढली, खडी फोडणाऱ्या बायांना वेळेवर सुकडी मिळावी म्हणून मामलेदाराच्या कचेरीत ठाण मांडून बसले. हे मी मुद्दाम सांगते, कारण माणूस वाईट नव्हता. पाटचारीसुद्धा झाली. शेवटी पाणी शेतात आलं, आणि ते सोडायच्या कार्यक्रमाला प्रास्ताविक आबांच्या धाकट्या मुलानेच केलं. पेपरात फोटो होता. तो नानांना काका म्हणू लागला होता.

माझं लग्न धुळ्याच्या एका प्राध्यापकांशी झालं. माझे यजमान शांत, सज्जन माणूस आहेत आणि त्यांची तक्रार करण्यासारखं काही नाही. लग्न जळगावला, मांडव केवढा तरी मोठा, कारण मतदारसंघाला जेवण होतं. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा आणि आमच्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरायचा, ही रीत. मला भाऊ नाही. भटजी म्हणाले, "कोणी चुलत, मावस?" गिरणाकाठच्या माणसांत कुजबूज झाली आणि त्यांनी ज्याला पुढे केलं तो तोच होता. कुळातल्या आलेल्या माणसांत माझ्या जवळच्या वयाचा तोच.

त्याने यजमानांचा कान धरला. जोरात पिळला नाही, नुसता धरला. मग आतापर्यंत मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशा घरगुती बोलीत म्हणाला, "मनी बहीण शे. जपजो." मांडवात टाळ्या पडल्या. मी मान वर करून पाहिलं तर नाना मांडवाच्या खांबाला बांधलेली केळ सरळ करत होते. ती सरळच होती. हजारोंच्या सभेत ज्याने मान खाली घातली नाही तो माणूस केळीच्या पानांशी खेळत होता. तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

मग पडते दिवस आले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वारं फिरलं आणि नाना पडले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमची तर ओसरी फिरली. सकाळी सातला तिथे मांजर बसू लागलं. जीप पक्षाची होती, ती गेली. परमिटवाले, बदलीवाले नव्या आमदाराच्या दारात गेले, आणि त्यांचं काही चुकलं नाही, कामं तिथेच होत होती. नाना दिवसभर पेपर वाचत. आता तो सुलटा असायचा.

त्या श्रावणात मी माहेरी होते. गिरणाकाठचा एक माणूस निरोप घेऊन आला. रविवारी कानबाई आहे, काकांच्या नावाची मूठ काढली आहे, यावं. आबा वारले होते, निरोप धाकट्या मुलाचा होता. त्या रोटानंतर दर वर्षी मूठ काढत आले होते, आमदार असताना नाना कधी गेले, कधी नाही. आई म्हणाली, "मी त्या गावाचं पाणी पिणार नाही." नानांचे गुडघे धरलेले, म्हणून मी बरोबर गेले.

एसटी भरलेली होती. पुढची आमदारांसाठी राखीव जागा तेवढी रिकामी. कंडक्टर जुना, ओळखणारा. तो म्हणाला, "भाऊ, बसा ना." नाना म्हणाले, "ती माझी नाही आता." आणि दांडा धरून उभे राहिले. पुढच्या थांब्यावर एका बाईने मूल मांडीवर घेऊन त्यांना जागा दिली.

ह्या वेळी पंगत सुरू व्हायच्या आधी पोचलो. अंगण तेच. आबांच्या धाकट्या मुलाच्या अंगावर मांस चढलं होतं आणि शेजारी त्याचा मुलगा उभा होता. मला म्हणाला, "अक्का, या. प्रवास कसा झाला?" मी म्हटलं, ठीक झाला. नानांना त्याने आबांच्या जागेवर बसवलं. पंगतीत कोणी चेष्टा केली नाही, कोणी काही मागितलंही नाही. एका माणसाने पाटचारीची गोष्ट काढली, तीही तक्रार म्हणून नव्हे. नानांचे दात गेले होते. त्यांनी रोट खिरीत भिजवून सगळा संपवला, सावकाश. लग्न झालेली म्हणून मी ओसरीवर नुसती बसले होते, माझ्या हातात चहाची बशी होती.

जेवण झाल्यावर मी तांब्या घेऊन त्यांना अंगणातल्या खड्ड्यापाशी नेलं. ते खाली वाकले, मी हातावर पाणी घालू लागले. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"त्या दिवशी मला भूक नव्हती," ते म्हणाले. आमच्या घरातल्या, यावलकडच्या सुरात म्हणाले.

"माहीत आहे, नाना. ओवा मीच दिला होता."

ते तसेच वाकून राहिले, हात पुढे करून. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मी तांब्यातलं उरलेलं पाणी सावकाश त्यांच्या हातांवर ओतलं, संपेपर्यंत, आणि मग त्यांना उठायला हात दिला.